तंजावरच्या मराठी मुलखात लुथरन चर्च कसं उभं राहिलं? तरंगंबाडीच्या मंडळीची तीनशे वर्षं

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कारैकलच्या उत्तरेला तरंगंबाडी नावाचं एक लहानसं गाव आहे. गावातल्या 'किंग स्ट्रीट'वर एक जुनं चर्च उभं आहे आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर डेन्मार्कच्या राजाचा मुकुट कोरलेला दिसतो. ११ ऑक्टोबर १७१८ रोजी या चर्चचं समर्पण झालं. नाव 'न्यू जेरुसलेम'. आजही तिथे दर रविवारी तमिळमध्ये उपासना होते.

चर्च जर्मन पाळकांनी बांधलं, डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने बांधलं आणि तमिळ लोकांसाठी बांधलं. यात मराठ्यांचा संबंध कुठे येतो? तर गावाच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं की तेव्हा राज्य लागत होतं ते मराठ्यांचं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या वंशजांचं तंजावरचं राज्य. या मंडळीने कुठे इमारत बांधायची, खेड्यांत कोणाला पाठवायचं आणि पाळक कोणाला करायचं, यातल्या बऱ्याच गोष्टी त्या सीमेमुळे ठरल्या.

भारतातल्या प्रोटेस्टंट मिशनच्या कामाची सुरुवात तरंगंबाडीतून झाली असं मानलं जातं. म्हणूनच या मंडळीचा आणि तिच्या इमारतींचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

लुथरन म्हणजे कोण?

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये रोमन कॅथलिक चर्चच्या काही प्रथांना जाहीर आव्हान दिलं. त्यातून प्रोटेस्टंट पंथ निर्माण झाले. ल्यूथरची शिकवण मानणारी चर्चेस म्हणजे लुथरन. जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या देशांत हा पंथ पसरला.

ल्यूथरचा एक आग्रह या गोष्टीत महत्त्वाचा आहे. लोकांना बायबल स्वतःच्या भाषेत वाचता आलं पाहिजे आणि उपासनाही कळेल अशा भाषेत झाली पाहिजे, असं तो म्हणत असे. त्यामुळे लुथरन पाळक जिथे गेले तिथे चर्चच्या सोबतीने शाळा आणि छापखाना आला. तरंगंबाडीतही तेच झालं.

आणखी एक शब्द स्पष्ट करायला हवा. एका चर्चशी जोडलेल्या सभासदांच्या समुदायाला ख्रिस्ती मराठीत 'मंडळी' म्हणतात. म्हणजे चर्चची इमारत वेगळी आणि मंडळी वेगळी. इमारत पडली तरी मंडळी राहू शकते. तरंगंबाडीत नेमकं तेच घडलं.

डॅनिश लोक तिथे पोहोचले कसे?

१६२० मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीने तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार केला आणि तरंगंबाडीत व्यापारी ठाणं उभारलं. तिथे डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. युरोपीय लोक या गावाला 'त्रांकेबार' म्हणू लागले. जागेच्या बदल्यात तंजावरच्या राजाला दरवर्षी खंडणी द्यायची असं ठरलं.

पुढे नायकांची सत्ता गेली आणि १६७५ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतलं. डॅनिश लोकांचा जमीनमालक बदलला. आता खंडणी मराठी दरबारात जाऊ लागली. डॅनिश ताब्यातला मुलूख जेमतेम आठ किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद होता. एक तटबंदीचं गाव आणि आसपासची काही खेडी, एवढाच त्याचा पसारा होता.

डॅनिश लोकांनी १७०१ मध्ये स्वतःच्या उपासनेसाठी 'झायन चर्च' बांधलं. पण ते युरोपीय लोकांसाठी होतं. स्थानिक लोकांशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

पहिली मंडळी, पहिलं चर्च

डेन्मार्कचा राजा फ्रेडरिक चौथा याने आपल्या वसाहतीत धर्मप्रचारक पाठवायचं ठरवलं. त्यासाठी बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युत्शाऊ या दोन तरुण जर्मन पाळकांची निवड झाली. दोघांवर जर्मनीतल्या हाले शहरातल्या धर्मसुधारणेच्या चळवळीचा प्रभाव होता. ९ जुलै १७०६ रोजी ते तरंगंबाडीला पोहोचले. झीगेनबाल्ग तेव्हा अवघ्या विशीत होता.

तिथल्या डॅनिश अधिकाऱ्यांनी त्यांचं स्वागत केलं नाही. धर्मप्रचारामुळे व्यापाराला अडथळा येईल, तंजावरचा दरबार नाराज होईल, अशी त्यांना भीती होती. वाद इतका वाढला की १७०८ च्या अखेरीला वसाहतीच्या प्रमुखाने झीगेनबाल्गला सुमारे चार महिने किल्ल्यात कैदेत ठेवलं. राजाने पाठवलेला पाळक राजाच्याच किल्ल्यात कैदी होता.

तोपर्यंत मंडळी मात्र सुरू झाली होती. १२ मे १७०७ रोजी पहिल्या पाच जणांचा बाप्तिस्मा झाला. हे पाचही जण डॅनिश घरांमधले गुलाम होते. त्याच वर्षी १४ ऑगस्टला त्यांच्यासाठी वेगळ्या चर्चचं समर्पण झालं. त्याचं नाव 'जेरुसलेम'. उपासना तमिळ आणि पोर्तुगीज भाषेत होत असे. पोर्तुगीज कशासाठी? तर किनाऱ्यावरच्या बंदरांत मिश्र वंशाचे लोक आणि युरोपीय घरांतले नोकर ती बोलत असत.

हे चर्च समुद्राच्या अगदी जवळ होतं. वाढत्या मंडळीला ते अपुरं पडू लागलं आणि समुद्राच्या माऱ्यापुढेही टिकलं नाही. मग नवी इमारत किनाऱ्यापासून थोडी आत, किंग स्ट्रीटवर बांधायचं ठरलं. ९ फेब्रुवारी १७१७ रोजी पायाभरणी झाली आणि दीड वर्षात 'न्यू जेरुसलेम' उभं राहिलं. इमारतीचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे. चार बाजूंना चार दालनं.

चर्च पूर्ण झाल्यावर झीगेनबाल्ग फार काळ जगला नाही. २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी त्याचं निधन झालं. त्याची कबर याच चर्चमध्ये आहे. जेमतेम तेरा वर्षांच्या कामात त्याने तमिळ शिकून घेतली, नव्या कराराचं तमिळ भाषांतर केलं आणि ते १७१४-१५ मध्ये तरंगंबाडीतच छापून घेतलं. त्यासाठी इंग्लंडमधून छापखाना आला होता आणि हालेहून तमिळ टाइप.

वेशीबाहेर मराठी राज्य, मग खेड्यांत कोण जाणार?

तरंगंबाडीच्या आत चर्च बांधायला डॅनिश राजाची परवानगी पुरेशी होती. पण बहुतेक लोक राहत होते ते बाहेरच्या खेड्यांत, म्हणजे तंजावरच्या राज्यात. व्यंकोजींचे पुत्र शहाजी, त्यांच्यानंतर सरफोजी पहिले आणि मग तुकोजी यांच्या काळात युरोपीय पाळकांना तिथे मोकळेपणाने फिरता येत नव्हतं. परक्या माणसाने राज्यात येऊन लोक गोळा करणं दरबाराला पसंत नव्हतं. डॅनिशांशी खंडणीवरून आणि हद्दीवरून अधूनमधून खटके उडत, त्यामुळे संशय आणखी वाढे.

यातून एक मार्ग निघाला. युरोपीय पाळक जाऊ शकत नाही, पण त्या मुलखातला तमिळ माणूस जाऊ शकतो. त्यामुळे खेड्यांतलं काम तमिळ धर्मशिक्षकांनी केलं. त्यांच्यापैकी राजनायक्कन हे नाव महत्त्वाचं. ते जन्माने कॅथलिक होते आणि तंजावरच्या सैन्यात होते. तमिळ बायबल वाचून ते लुथरन मंडळीकडे वळले. १७२० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी तंजावर मुलखातल्या खेड्यांत मंडळ्या उभ्या केल्या. विरोध झाला, मारहाणही झाली. तरी ते चार दशकांहून अधिक काळ हे काम करत राहिले. १७७१ मध्ये त्यांचं निधन झालं.

या खेड्यांतली प्रार्थनागृहं साधी होती. मुकुट कोरलेली दर्शनी भिंत तिथे नव्हती. तरी मंडळीची मोठी वाढ झाली ती याच खेड्यांत.

धर्मशिक्षक शिकवू शकत होते, पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देण्याचा अधिकार फक्त दीक्षित पाळकाला होता. म्हणून २८ डिसेंबर १७३३ रोजी तरंगंबाडीत आरोन या तमिळ धर्मशिक्षकाला पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. ते भारतातले पहिले भारतीय प्रोटेस्टंट पाळक. मायावरम, म्हणजे आजचं मयिलाडुतुरै, आणि आसपासची तंजावर राज्यातली खेडी हे त्यांचं कार्यक्षेत्र होतं. भारतीय माणसाच्या हाती मंडळी इतक्या लवकर सोपवली गेली, त्यामागचं एक मोठं कारण मराठी राज्याची ती सीमा होती.

एकाच चर्चमध्ये कोण कुठे बसणार?

आरोन वेळ्ळाळ जातीचे होते. वेळ्ळाळ म्हणजे जमीन कसणारी, प्रतिष्ठा असलेली जात. राजनायक्कन परैयर होते. या जातीला तेव्हा अस्पृश्य मानलं जात असे. पुढे आणखी पाळक नेमायची वेळ आली तेव्हा अनुभवाने राजनायक्कन यांचा विचार होणं साहजिक होतं. पण त्यांना दीक्षा मिळाली नाही. परैयर पाळकाच्या हातून वेळ्ळाळ ख्रिस्ती प्रभुभोजन घेणार नाहीत, ही भीती मिशनऱ्यांना वाटली. १७४१ मध्ये दीक्षा मिळाली ती दियोगो यांना.

चर्चमध्ये बसण्याची व्यवस्थाही अशीच होती. युरोपीय पेहराव करणारे बाकांवर, तमिळ लोक खाली. त्यांच्यातही वेळ्ळाळ एकीकडे आणि परैयर दुसरीकडे. क्रुसाच्या आकाराच्या इमारतीत वेगवेगळे भाग असल्यामुळे ही विभागणी सोयीची ठरली.

१७४६ मध्ये तरंगंबाडीजवळच्या पोरैयार इथे 'बेथलेहेम चर्च' उभं राहिलं. तटबंदीच्या गावाबाहेर, खेड्यातल्या मंडळीला आता पक्की इमारत मिळाली. पण जातीचा प्रश्न सुटला नाही. पुढची शंभर-दीडशे वर्षं तो या मंडळीच्या मागे राहिला.

मराठी राजा आणि जर्मन पाळक

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर दरबाराचा पवित्रा बदलला. त्याला कारण झाला क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ. हा लुथरन पाळक १७५० मध्ये तरंगंबाडीला आला, मग तिरुचिरापल्लीला गेला आणि शेवटी तंजावरमध्ये स्थायिक झाला. त्याला तमिळबरोबर मराठी आणि फारसीही येत होती. तुळजाजी राजांचा त्याच्यावर विश्वास बसला. ज्या राज्यात जुन्या पाळकांना शिरकाव नव्हता, त्याच्या राजधानीत किल्ल्याच्या आत, शिवगंगा तलावाजवळ १७७९ मध्ये चर्च उभं राहिलं. लोक त्याला आजही श्वार्ट्झ चर्च म्हणतात.

१७८७ मध्ये तुळजाजींनी मृत्यूपूर्वी सरफोजी या लहान मुलाला दत्तक घेतलं आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला श्वार्ट्झला सांगितलं. तुळजाजींनंतर गादीवर बसले अमरसिंह. सरफोजींच्या शिक्षणाची आणि हक्काची बाजू श्वार्ट्झने लावून धरली. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी दुसरे गादीवर आले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयामुळे ज्यांचं नाव आज घेतलं जातं, ते हेच सरफोजी.

सरफोजी हिंदूच राहिले. पण आपल्या गुरूसाठी त्यांनी इंग्लंडमधला प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. श्वार्ट्झ मरणशय्येवर आहे आणि तरुण सरफोजी त्याचा हात धरून उभे आहेत, असं ते शिल्प श्वार्ट्झ चर्चमध्ये आहे. एका मराठी राजाने लुथरन पाळकासाठी चर्चमध्ये स्मारक उभारावं, हे उदाहरण दुर्मीळ आहे.

इमारती वाटल्या गेल्या, मंडळी फुटली

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून येणारा पैसा आणि माणसं आटली. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजांनी तरंगंबाडी काही वर्षं ताब्यात घेतली. तंजावर परिसरातलं मिशनचं काम आणि खेड्यांतल्या बऱ्याच मंडळ्या १८२० च्या दशकात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी जोडलेल्या संस्थांकडे गेल्या. श्वार्ट्झ चर्चही त्यांच्याकडे गेलं.

अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये आदेश काढला, की चर्चमध्ये जातिभेद चालणार नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि प्रभुभोजनही एकत्र घ्यायचं. तंजावर आणि मद्रासच्या वेपेरी भागातल्या वेळ्ळाळ ख्रिस्ती लोकांनी याला कडाडून विरोध केला. जातीच्या चालीरीती राखण्याची बाजू मांडणाऱ्यांत वेदनायगम शास्त्री हे नामवंत तमिळ कवीही होते. ते श्वार्ट्झचे शिष्य आणि सरफोजींच्या दरबारातले कवी.

याच सुमारास जर्मनीतून लुथरन मिशनरी पुन्हा आले. १८४१ मध्ये हाइनरिश कोर्डेस तरंगंबाडीत दाखल झाला. त्याची संस्था पुढे 'लाइपझिग मिशन' म्हणून ओळखली गेली. जातीचा प्रश्न हुकमाने सोडवू नये, हळूहळू बदल घडवावा, अशी या मिशनची भूमिका होती. परिणाम असा झाला, की अँग्लिकन चर्चवर नाराज झालेली अनेक वेळ्ळाळ कुटुंबं लुथरन मंडळीत आली. लुथरन मंडळी वाढली, पण त्या वाढीमागे जात टिकवण्याची इच्छाही होती. मिशनच्या आतही सगळ्यांना हे पटलं नाही. कार्ल ओक्स हा मिशनरी याच मुद्द्यावर वेगळा झाला आणि पुढे डॅनिश मिशनसोबत काम करू लागला.

दरम्यान १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि बंगालमधलं सेरामपूर ही ठाणी ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनीला विकली. दोन्ही मिळून किंमत साडेबारा लाख रुपये. दहा वर्षांनी तंजावरच्या भोसले घराण्याचं राज्यही संपलं. ज्या दोन सत्तांच्या सीमेवर ही मंडळी वाढली होती, त्या दोन्ही नाहीशा झाल्या.

महाराष्ट्रात लुथरन मंडळ्या का दिसत नाहीत?

मराठी वाचकाला पडणारा हा साहजिक प्रश्न. महाराष्ट्रात प्रोटेस्टंट मिशनचं काम शंभर वर्षांनी सुरू झालं. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला गेले. पुण्यात आणि नागपुरात स्कॉटिश मिशन आलं, नाशिकला अँग्लिकन, कोल्हापुरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन. भोर भागात शिवरे, नसरापूरच्या परिसरात 'पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन' ही १८९३ मध्ये सुरू झालेली संस्था काम करत होती. एका मिशनच्या भागात दुसऱ्याने जायचं नाही, असा या संस्थांमध्ये सहसा समझोता असे. त्यामुळे गावातली मंडळी कोणत्या पंथाची, हे बहुतेक वेळा तिथे आधी कोण पोहोचलं यावरून ठरलं. महाराष्ट्राजवळची लुथरन मंडळी शोधायची तर मध्य प्रदेशात छिंदवाडा, बैतूलकडे जावं लागतं. तिथे स्वीडिश लुथरन मिशनने काम केलं.

तरी मराठीचं एक नातं डॅनिश वसाहतींशी आहे. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि नव्या कराराचं मराठी भाषांतर १८११ मध्ये छापून निघालं, ते सेरामपूरमध्ये. ब्रिटिश कंपनी मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, म्हणून केरीच्या सहकाऱ्यांनी या डॅनिश ठाण्याचा आसरा घेतला होता.

आज काय आहे?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मन मिशनऱ्यांना भारत सोडायला लावलं. मंडळीला स्वतःच्या पायावर उभं राहणं भाग पडलं. १४ जानेवारी १९१९ रोजी 'तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च' ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. सुरुवातीचे बिशप स्वीडिश होते. राजा भूषणम मणिकम हे १९५६ मध्ये पहिले भारतीय बिशप झाले. बिशपच्या पदाला आजही 'त्रांकेबारचे बिशप' असंच नाव आहे, मुख्यालय मात्र तिरुचिरापल्लीत आहे.

१९४७ मध्ये अँग्लिकन आणि इतर काही प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ साउथ इंडिया' तयार झालं. तमिळ लुथरन त्यात सामील झाले नाहीत. त्यामुळे तंजावरचं श्वार्ट्झ चर्च लुथरन पाळकाच्या नावाने ओळखलं जात असलं, तरी ते चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे. तरंगंबाडीतही तसंच. एकाच किंग स्ट्रीटवर दोन जुनी चर्चेस आहेत. डॅनिश लोकांनी स्वतःसाठी बांधलेलं झायन चर्च ऑफ साउथ इंडियाकडे गेलं. तमिळ लोकांसाठी बांधलेलं न्यू जेरुसलेम लुथरन मंडळीकडेच राहिलं.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तरंगंबाडीच्या मच्छीमार वस्तीचं मोठं नुकसान झालं. १७०७ चं पहिलं चर्च ज्या समुद्राने गिळलं, तोच समुद्र पुन्हा गावात शिरला होता. किनाऱ्यापासून आत बांधलेलं न्यू जेरुसलेम मात्र उभं राहिलं.